जपानी भाषेत एखाद्याच्या कौशल्याची तारीफ करायला ‘जोओझु’ सोडून आणखी कोणते शब्द आहेत?

तुम्ही लिहिलंय की एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास झालात, ऑफिसात जपानी क्लायंट आहे आणि तारीफ करताना गाडी ‘जोओझु’वरच (छान जमतं, कुशल) अडते. माझं रोजचं काम जपानी लोकांबरोबरच चालतं, त्यावरून सांगतो: आधी माणूस बघा, मग शब्द.

‘जोओझु’ बरोबरीच्यांसाठी किंवा धाकट्यांसाठी छान. मैत्रिणीला ‘ए गा जोओझु देसु ने’ (चित्रं सुंदर काढतेस) खुशाल म्हणा. पण क्लायंटच्या बुचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, प्रेझेंटेशन दिलं आणि तुम्ही हेच म्हणालात, तर ते हसून मान डोलावतील आणि मनात म्हणतील, हा कोण मला मार्क देणारा? वरिष्ठांच्या कौशल्यावर शेरा मारायचाच नाही. आपल्याला काय मिळालं ते सांगायचं: ‘ताइहेन बेंक्यो नि नारिमाशिता’, खूप शिकायला मिळालं. ‘सासुगा देसु’ (मानलं तुम्हाला) म्हणणारेही भेटतील, पण जुन्या वळणाच्या काहींना तेही खटकतं. ‘युनो’ (कार्यक्षम) हा शब्द तर सरळ वरून खाली जाणारा, साहेबांसाठी नकोच.

स्वतःबद्दल ‘जोओझु’ कधीच नाही. तिथे ‘तोकुइ’: ‘र्‍योरी गा तोकुइ देसु’, स्वयंपाक मला चांगला जमतो. आणि तुम्ही नुसतं ‘कोन्निचिवा’ (नमस्कार) म्हणालात तरी समोरून ‘निहोंगो जोओझु देसु ने’ (जपानी छान बोलता) येईल. त्याने हुरळून जाऊ नका, ‘इइए, मादा मादा देसु’ (छे, अजून बरंच बाकी आहे) म्हणा आणि पुढे चला.

मित्रमंडळीत ‘उमाइ’ चालतं. गाणाऱ्यालाही तेच आणि चविष्ट रामेनलाही तेच. सुतार, आचारी, सर्जन यांच्यासाठी माझा आवडता शब्दप्रयोग ‘उदे गा इइ’. आपण डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणतो ना, जवळपास तसंच, फक्त इथे श्रेय नशिबाला नाही, सरावाला. हातानं सफाईदार काम करणारा तो ‘कियो’. पण त्याला ‘बिम्बो’ (गरीब) जोडलं की ‘कियो-बिम्बो’: सगळं जमतं, म्हणूनच कशातच नाव होत नाही. आयटीत असे लोक पैशाला पासरी आहेत.

‘तेन्साइ’ आणि ‘शूसाइ’ यांची गल्लत करू नका. पहिला जन्मजात प्रतिभेचा, दुसरा अभ्यासानं पुढे आलेला. यावर जपानीत एक खवट म्हण आहे, ‘तो दे शिन्दो, जूगो दे साइशि, हाताची सुगिरेबा तादा नो हितो’: दहाव्या वर्षी अलौकिक बालक, पंधराव्या वर्षी हुशार पोरगा, विशी उलटली की चारचौघांसारखा.

‘मेइजिन’ (उस्ताद) हा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळातला, किताब आहे. २०२३ साली फुजिई सोता विसाव्या वर्षी मेइजिन झाला, आजवरचा सर्वांत तरुण, आणि त्याच ऑक्टोबरात त्याच्याकडे आठही मोठे किताब जमा झाले. एरवी गळ टाकण्यात पटाईत असलेल्या शेजारच्या आजोबांनाही ‘त्सुरि नो मेइजिन’ म्हणतात. ‘निंगेन कोकुहो’ (जिवंत राष्ट्रीय ठेवा) मात्र सैल वापरायचा शब्द नाही. कुंभारकाम, विणकाम, काबुकी अशा परंपरागत कलांतल्या निवडक उस्तादांना सरकार १९५५ पासून हा मान देतं, वर्षाला वीस लाख येनच्या साहाय्यासह. त्याचं कायद्यातलं नाव वेगळंच आणि लांबलचक आहे.

ऑफिसात रोज कानावर पडेल ते ‘देकिरु हितो’, कामाचा माणूस. ‘बेतेरान’ (इंग्रजी ‘व्हेटरन’वरून) म्हणजे मुरलेला, सैन्याशी काही संबंध नाही. ‘यारिते’ जरा जपून, त्यात धडाडीबरोबर ‘पोचलेला’ अशीही छटा येते. आणि बुचो समोर नसताना सहकाऱ्यांशी बोलताना ‘आनो हितो वा होन्तो नि देकिरु’ (तो माणूस खरंच कामाचा आहे) बिनधास्त म्हणा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.