वाहनविषयक शंकासमाधान : इंजिन गेलेली मसल कार

प्रश्न : अमेरिकेतील डॉज कंपनीने चार्जर या प्रसिद्ध गाडीतील आठ सिलिंडरचे इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली आणि आवाजही कृत्रिम दिला, असे मोबाइलवर पाहिले. मग तिला मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दांडगी गाडी, म्हणावे तरी कशासाठी?
– एक महाविद्यालयीन वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला आमच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवले. वडील हँडल मारून ते सुरू करीत, दोन-चार फेऱ्यांनंतर नळीतून काळ्या धुराचा लोट निघे, आणि मग त्याचा ठेका इतका दूर जाई की आमचे ओलित सुरू झाल्याचे शेजारच्या शिवारातही कळे. पुढे विजेची मोटर आली आणि तो ठेका कायमचा थांबला. मला तो आजही आठवतो. परंतु वीज असेल तेव्हा पाटाला पाणी पूर्वीइतकेच येत असे, हेही खरे.

मसल कारची सुरुवात बहुतेक जाणकार १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मानतात. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत ६.४ लिटरचे मोठे इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, एवढीच ती कल्पना होती. त्याच वर्षी आलेल्या फोर्ड मस्टँगची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती. म्हणजे ओढ आणि परवडणारी किंमत हे या गाड्यांचे दोन पाय होते. आवाज हा मोठ्या इंजिनाबरोबर आपोआप आलेला भाग होता.

ओढीच्या बाबतीत मोटर कमी पडत नाही. कापसाने भरलेली बंडी चिखलातून निघते ती बैलांच्या पहिल्या हिसक्यावर. तो पहिला हिसका पेट्रोल इंजिनाला फेरे वाढल्याशिवाय देता येत नाही, तर विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. म्हणूनच आपण म्हणता ती विजेवरची गाडी, ६७० अश्वशक्तीची ‘चार्जर डेटोना’, कंपनीच्या आकड्यांनुसार ३.३ सेकंदांत ताशी सुमारे ९६ किलोमीटरचा वेग गाठते. आवाजासाठी मात्र मागे खास पोकळ कप्पे बसवावे लागले आणि २०२२ मध्ये नमुना गाडी दाखवताना १२६ डेसिबलचा दावा करण्यात आला. हा खटाटोप मला पटत नाही. मोटरीला तिचा स्वतःचा आवाज राहू द्यावा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सुमारे १०० किलोवॅट-तासांच्या बॅटरीमुळे ही गाडी २,६०० किलोंच्या वर गेली, म्हणजे जुन्या पेट्रोल चार्जरपेक्षा पाचशे किलोंहून अधिक जड झाली, आणि सुरुवातीची किंमतच ६० हजार डॉलरच्या घरात पोहोचली. ज्या सामान्य तरुणासाठी मसल कार जन्मली, त्याच्याच हातून ती निसटली. कंपनीने पुढे कमी किमतीची विद्युत आवृत्ती २०२६ च्या मॉडेल-वर्षासाठी थांबवली आणि त्याच बांध्यात सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिनही आणले. तेव्हा, तिला मसल कार जरूर म्हणावे, पण अर्धी.

प्रश्न : आमच्या संत्र्याच्या बागेत टिनाच्या शेडखाली आजोबांची १९६९ ची अ‍ॅम्बेसेडर उभी आहे. इंजिन जाम झाले आहे. मुलगा ती विजेवर करू म्हणतो. करावी का?
– एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मोटर बसवली की ही वाट बंद होते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हीदेखील असे रूपांतर करण्यास उत्तेजन देत नाही; केलेच तर ते उलटवता यावे आणि मूळ भाग जपून ठेवावेत, असे तिचे म्हणणे आहे.

रूपांतर करायचेच ठरले, तर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने मंजूर केलेले किटच अधिकृत कारागिराकडून बसवून घ्या आणि आरटीओत आरसीवर नोंद करा. गावातल्या गॅरेजमध्ये ई-रिक्षाची बॅटरी जोडून भागवणे धोक्याचे आहे. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाखाली त्याहून अधिक तापते. लिथियम बॅटरीचे आयुष्य अशा उष्णतेने झपाट्याने घटते, त्यामुळे गाडी आणि चार्जिंग दोन्हींची सोय सावलीत, हवेशीर जागी करावी लागेल.

पण त्याआधी त्या १,४८९ सीसीच्या इंजिनाला एक संधी द्या. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावा आणि हाताने अगदी हळू हलवून पाहा. हिसका देऊ नका. किंचित जरी हलले, तरी तालुक्यातला एखादा जुना मिस्त्री गाठा आणि मुलालाही त्याच्यासोबत बसवा.