पातळ वरणावर भागवू नको

प्रिय पोरी,

वजन कमी करायला जठर छोटं करण्याचं तुझं स्लीव्ह ऑपरेशन झालं, त्याला तीन आठवडे झाले. सध्या मिक्सरमधून काढलेलं, पुढे दोन-तीन आठवडे मऊ आणि मग नेहमीचं, असा क्रम असतो. तुझ्या सर्जननं दिवस वेगळे लिहून दिले असतील तर तेच धर. मला काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाचं वरचं पाणी देतात. पोट भरतं, अंगात काही जात नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो. आता चार-पाच चमच्यांतच तू भरशील, म्हणून ते चमचे प्रथिनांचेच हवेत. दिवसाला किमान 60 ग्रॅम. दोन अंडी 12, अर्धा लिटर दूध 16, मूठभर तुरीची डाळ घट्ट शिजवून 6-7, पन्नास ग्रॅम पनीर 9. बेरीज 43-44, आणि एवढंही सुरुवातीला जात नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर महाग वाटली तरी सोडू नको. नेहमीचं जेवण सुरू झालं की आधी डाळ-अंडं, मग भाजी, भाकर सगळ्यात शेवटी. कोरडी भाकर घाईत गिळली की छातीत अडकते. वरणात कुस्करून, छोट्या चमच्यानं, वीस-पंचवीस वेळा चावून खा. फल्लीदाणे सध्या नकोच.

जेवताना पाणी नाही. आधी पंधरा मिनिटं आणि नंतर अर्धा तास थांब. बाकी वेळ घोट-घोट पीत राहा, दिवसाचं दीड-दोन लिटर झालं पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात शेतात जाताना बाटली जवळच ठेव, कारण आता तहान लागली म्हणून गटागटा पिता येणार नाही.

उसाचा रस, गुळाचा चहा, पुरणपोळी यांनी काहींना अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब होतात. जठराचा बायपास केलेल्यांना जास्त, स्लीव्हमध्येही होतं.

आता हे नीट वाच. दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल, सारख्या उलट्या होत असतील, तर घरी थांबू नको. शरीरातला बी1, म्हणजे थायामिन, थोड्याच आठवड्यांत संपतो. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळतो. गावात अशक्तपणा म्हटला की आधी ग्लुकोजची सलाईन लावतात. ती थायामिनच्या आधी गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ऑपरेशनचा कागद पर्समध्ये ठेव आणि सोबतच्याला सांगून ठेव: "आधी थायामिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज."

गोळ्या जन्मभराच्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, लोहावर चहा नाही. कॅल्शियम सायट्रेटचं घे, एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या आसपास. तीन-चार महिन्यांनी केस गळू शकतात. घाबरू नको, बहुतेकांचे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासून घे. कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून आणू नको, अल्सर होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते.

घरातल्यांनी पाळण्याचा विषय काढला तर साफ सांग, बारा ते अठरा महिने थांबायचं आहे.

लग्नाच्या पंगतीत "अजून एक घे नं" म्हणणारे भेटतील. ताटाऐवजी वाटी माग, आधी घट्ट वरण वाढायला सांग. पुढचे सात दिवस काय, किती चमचे आणि किती वाजता खाल्लं ते वहीत लिही. रविवारी त्या पानाचा फोटो पाठव, मी प्रथिनांची बेरीज करून देते.

तुझी ताई