‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर भागत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: “डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका.” हा सल्ला मला पटत नाही. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. ते येतं कामाच्या पाळीतून, रजेच्या अर्जातून, घरातल्या आजारपणातून. म्हणून खालच्या उत्तरांत मी मनाला कमी आणि दिवसाच्या वेळापत्रकाला जास्त हात घातला आहे. साठीनंतरची तब्येत चाळिशी-पन्नाशीतल्या या वेळापत्रकावरच ठरत जाते.

प्रश्न: चाकणला कंपनीत आहे. वय ४२, दर आठवड्याला पाळी बदलते. अंगाने बारीक, वजन ६१ किलो. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी ६.१ आली. घरात कुणालाच डायबिटीस नाही. मग मला कसा?

अजून डायबिटीस झालेला नाही. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी. ती ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून आजार. पण ‘मी तर बारीक आहे’ हा दिलासा आपल्या लोकांना लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे, स्नायू कमी आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. तेव्हा काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्यायचं. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० च्या वर गेलं की धोका.

आता पाळी. रात्री शरीर साखर खाली आणणारं इन्सुलिन कमी सोडतं. तेच ताट संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला खाल्लं, तर दोनच्या ताटाने साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढून राहते. कँटीनमध्ये मध्यरात्री भात-डाळ-पोळी आणि वर जिलबी, सकाळी सुटताना वडापाव, मग झोप असा क्रम असेल तर गोळीही कमी पडेल. तिसऱ्या पाळीला पोटभर जेवण घरून निघण्यापूर्वी करा. रात्री ताक, फुटाणे, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ एवढंच. सकाळी हलका नाश्ता करून झोपा, खिडकीला जाड पडदा लावा आणि तुमच्या झोपेच्या वेळात मिक्सर लावायचा नाही हे घरात एकदा बोलून ठरवा. तुमच्या झोपेला घराने किंमत दिली नाही, तर माझी औषधं फार काही करणार नाहीत.

आणखी एक गोष्ट युनियनमार्फत मागण्यासारखी आहे. पाळी पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने पुढे सरकली तर शरीर निभावून नेतं. उलट्या क्रमाने फिरली तर जास्त त्रास होतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि १३.६ कोटी लोक तुमच्यासारखे उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा.

प्रश्न: एसटीत चालक आहे, वय ५१. बीपी दोनदा १५०/९६ आलं. गोळी सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते म्हणतात. त्याऐवजी योगा केला तर चालेल का? आणि वेळापत्रक माझ्या हातात नाही, तर टेन्शन कमी कसं करू?

गोळीची सवय लागत नाही हो. सवय बीपीला लागते, वर राहायची. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर आजपासून घ्या आणि योगाही करा. पुढे वजन उतरलं, मीठ कमी झालं, आकडे खाली आले तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. मनाने बंद करू नका.

तुमच्या पेशाचा तर या विषयाशी जुना संबंध आहे. लंडनच्या डबलडेकर बसच्या चालक-वाहकांचा संशोधक डॉ. जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच बस, एकच रस्ता, पगारातही फार अंतर नाही. पण दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, आणि दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणाऱ्या वाहकांना कमी. पुढे त्याच संशोधकांनी गणवेशाच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी असल्याचं दिसलं. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. तरीही त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ गोष्ट पक्की केली आहे: बैठं काम हृदयाला महाग पडतं. स्टँडवर गाडी लागली की कंट्रोलरकडे सही करून लगेच चहाला बसू नका. आधी दहा मिनिटं स्टँडच्या आवारात चाला.

वेळापत्रकाचं तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. हार्ट ॲटॅक मोठ्या साहेबांना येतो अशी समजूत होती. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासाने ती खोटी ठरवली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मायकेल मार्मट यांच्या पथकाने दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा मागोवा घेतला. हुद्दा जितका खालचा, तितका हृदयविकार जास्त. कारणांत एक मोठं कारण हे, की जबाबदारी अंगावर पण निर्णय दुसऱ्याचा. घाटात ट्रॅफिक लागलं तर उशिराचा जाब तुम्हालाच. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, कामाच्या रचनेचा आहे, आणि तो बदलायची जबाबदारी महामंडळाची आणि संघटनांची आहे.

तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. डबल ड्युटी शक्यतो टाळा. आठवड्याला ५५ तासांच्या वर काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. दिवसभराचं मीठ एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. धाब्यावरचा रस्सा आणि डब्यातलं लोणचं त्यातच धरायचं. तंबाखू मळत असाल तर ती सोडल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट. आणि मुक्कामी गाडीवर असताना वाहकाला एक विचारा: मी फार घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर झोपेची तपासणी लवकर करा. बीपी न उतरण्याचं ते एक कारण असतं, आणि स्टिअरिंगवर डुलकी लागण्याचंही.

प्रश्न: वय ५८, गृहिणी. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे, चार वर्षं मीच बघते. रात्री तीनदा उठावं लागतं. अंग दुखतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात, तुला नोकरी नाही, तुला कसलं टेन्शन?

ताई, हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या कामाला सुट्टी नाही, बदली माणूस नाही आणि निवृत्तीही नाही. याहून कठीण नोकरी मला माहीत नाही.

२००४ मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न या संशोधकांनी ५८ आयांच्या रक्ताची तपासणी केली. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांना सांभाळत होत्या. गुणसूत्रांच्या टोकांशी टेलोमेअर नावाचा भाग असतो, तो वयाबरोबर आखूड होतो. सर्वांत जास्त ताण जाणवणाऱ्या बायकांत तो इतका आखूड होता, की पेशींचं वय निदान दहा वर्षांनी पुढे गेल्यासारखं दिसलं. अभ्यास लहान होता, आणि टेलोमेअर मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्या करायची गरज नाही. पण घरच्यांना एवढं जरूर वाचून दाखवा.

मग वाटणी मागा. ‘थोडी मदत करा’ असं मोघम बोलू नका, दिवस आणि वेळ सांगा: रविवारी सकाळी आठ ते एक दीर-जाऊबाई, बुधवारी रात्री यजमान उठतील, महिन्यातले चार दिवस नणंदबाई. सासूबाई सगळ्यांच्या आहेत. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-साखरेची तपासणी मोफत होते. तुम्ही ती शेवटची कधी केलीत, हे पत्रात नाही. मला तेच खटकलं. सलग दोन आठवडे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं.

प्रश्न: वय थोपवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो का? महिन्याला तीन हजार खर्च होतो.

नाही. त्या पैशांची डाळ, कडधान्यं, फळं, अंडी आणा. शाकाहारी असाल किंवा डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. कमी असेल तर त्याची गोळी स्वस्त आहे आणि खरोखर लागते.

प्रश्न: शिक्षक आहे, पुढच्या वर्षी ५८ पूर्ण होऊन निवृत्त होईन. निवृत्तीनंतर माणूस लवकर खचतो हे खरं का?

सगळे खचत नाहीत. ज्यांचं चालणं, बोलणं, जाणं-येणं सगळं नोकरीनेच बांधलेलं होतं, ते खचतात. शाळेत तुम्ही दिवसभर उभे असता, जिने चढता, पोरांशी बोलता. घरी बसल्यावर हे एका दिवसात थांबतं. पेन्शनचे कागद करतानाच आठवड्याचं नवं वेळापत्रक करा आणि त्यात माणसांत मिसळण्याची जागा आधी ठेवा: वाचनालय, भजनी मंडळ, गावातल्या मुलांची शिकवणी, जे जमेल ते.

नुसत्या मॉर्निंग वॉकवर मात्र थांबू नका. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच, पण वयाबरोबर स्नायू झिजतात आणि ते चालण्याने पुरेसे टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा. सुरुवातीला एक चाचणी घरीच करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी करा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. साठीच्या सुरुवातीला पुरुषांना निदान १४ आणि स्त्रियांना १२ वेळा जमायला हवं. गुडघे दुखत असतील किंवा छातीत भरून येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आकडा कमी आला तर तीच उठबस रोज दोनदा, दहा-दहा वेळा करा, जेवणात उसळ किंवा पिठलं वाढवा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजून मला कळवा.