माझा मुलगा निवडलेला नसेल तर?

वास्को, फोंडा, म्हापसा, कुठूनही येवोत. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरांतल्या आया समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या की कधी ना कधी हा प्रश्न निघतोच. मुलगा उपासनेला येत नाही, मुलीनं घरच्यांना न विचारता लग्न केलं, नवऱ्याची दारू सुटत नाही. आधी तक्रार होते, मग रडणं होतं आणि शेवटी आवाज खाली येतो. "देवानं जगाच्या स्थापनेपूर्वीच उद्धारासाठी आपली माणसं निवडली ना? मग हा त्यांत नसेल तर?" अलीकडे हे वाढलंय. मोबाइलवर दिवसरात्र प्रवचनं मिळतात आणि निवडीवर बोलणाऱ्यांचा सूर जरा जास्तच ठाम असतो.

त्यांच्या शेजारच्या कॅथलिक बाया हीच भीती दुसऱ्या टोकानं आणतात. देव सगळ्यांनाच बोलावतो, यायचं की नाही ते माणसानं ठरवायचं. म्हणजे पोराला वळण लावण्यात मीच कमी पडले. एकीला देवाच्या मनाची धास्ती, दुसरीला स्वतःच्या चुकीची. झोप दोघींचीही उडालेली.

शालिनीताई वास्कोच्या. (नाव बदललं आहे, तपशीलही इकडचे तिकडे केलेत.) माहेर सांगलीकडचं, वडील गावोगाव सुवार्ता सांगत फिरणारे, स्वतः नर्स. नवरा बंदरातल्या नोकरीतून निवृत्त. धाकटा मुलगा पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर कामाला. शनिवार-रविवारी तिथं गर्दी, म्हणून आधी उपासना चुकू लागली. पुढे सुट्टी असली तरी तो येईना.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून वही काढली. दोन रकाने आखून वचनं उतरवली होती. डावीकडे पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय, याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ, जन्मण्याआधीच एकाची निवड. उजवीकडे तीमथ्याला लिहिलेलं, सर्व माणसांचं तारण, म्हणजे उद्धार, व्हावा ही देवाची इच्छा. आणि यहोशवाचं, कोणाची सेवा करणार ते आजच ठरवा.

"मॅडम, यातली खरी बाजू कुठली तेवढं सांगा. म्हणजे प्रार्थना करत राहायची की थांबायचं ते मला कळेल."

"थांबायचं?"

"निवडलेला असेल तर तो येईलच, मी कशाला रडू? नसेल, तर माझ्या रडण्यानं काय होणार?"

मी बाजू सांगितली नाही. मला मत नाही असं नाही. माझं मन निवडीच्या बाजूनं झुकतं, आणि कुणी विचारलं तर मी ते लपवत नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात मत दिलं की तो त्याचंही हत्यार करतो आणि स्वतःवरच चालवतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की हे भांडण जुनं आहे. नेदरलँड्समधल्या दोर्त इथं १६१८-१९ मध्ये निवड मानणाऱ्या कॅल्विनपंथीयांच्या सभेनं माणसाच्या होकाराला जागा देणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांची मतं फेटाळली, पण वाद मिटला नाही. पुढच्या शतकात वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे दोन इंग्रज प्रवचनकार, जिवाभावाचे मित्र, याच मुद्द्यावरून दुरावले. कॅथलिकांकडेही डॉमिनिकन आणि जेझुइट हे दोन संन्यासी संघ रोममध्ये १५९८ पासून नऊ वर्षं भांडत होते. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच चर्चा थांबवली आणि एकमेकांना दोषी ठरवायचं नाही अशी दोघांनाही ताकीद दिली.

"एवढ्या पंडितांना जे उलगडलं नाही ते तुम्ही पोराच्या फोनवरून ओळखायला निघालात," मी म्हटलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग मी फोनबद्दलच विचारलं. माझी पद्धत तशीच आहे. सिद्धान्ताची चिंता घेऊन कुणी आलं की मी आधी घरात कोण कोणाशी काय बोलतं ते ऐकते.

"फोनवर काय बोलणं होतं?"

"उपासनेला गेलास का, वचन वाचलंस का, हेच. आता तो उचलतच नाही."

"शेवटचं उचलला तेव्हा?"

बराच वेळ त्या वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिल्या. "मी म्हटलं, तू कधी आपल्यातला नव्हतासच."

योहानाच्या पत्रातलं वाक्य. मंडळी, म्हणजे चर्च, सोडून गेलेल्यांबद्दल लिहिलेलं, आईनं पोराला ऐकवलेलं. निवडीची भीती घरात आली की हे असं होतं. आई मुलाशी बोलत नाही, त्याची हजेरी घेते. त्याच्या प्रत्येक शब्दात ती खूण शोधते, आणि मुलालाही ते कळतं.

पुढच्या काही भेटी नवऱ्याच्या मौनावर, थोरल्याच्या कौतुकावर आणि शेजारणींच्या चौकशांवर गेल्या. ते इथं सांगत बसत नाही. गाठ सुटली ती वेगळ्याच ठिकाणी. एकदा मी सहज म्हटलं, "मुलाचं राहू द्या. तुम्ही प्रभूकडे कशा आलात, ती साक्ष सांगा."

साक्ष म्हटल्यावर त्या खुलल्या. मिरजेला नर्सिंग शिकत असताना त्यांनी मंडळी सोडली होती. सिनेमे, मैत्रिणी, बापाशी कडाक्याचं भांडण. दोन वर्षं बाप-लेक बोलत नव्हते. रात्रपाळीला एक म्हातारी पेशंट होती, तिला दिसायचं नाही. ती रोज म्हणायची, पोरी, एक स्तोत्र वाच. "कर्तव्य म्हणून वाचायचे हो मी. १३९ वं स्तोत्र, तेच ते. तिला झोप लागायची आणि मी वाचतच राहायचे."

"त्या दोन वर्षांत तुम्ही निवडलेल्या होतात की नव्हतात?"

"होते की." मग थांबून, "पण मला कुठं ठाऊक होतं?"

"वडिलांना?"

"नाही. ते तर आईला म्हणाले होते..." आणि त्या अडल्या. चेहरा उतरला. "ते म्हणाले होते, ही कधी आपल्यातली नव्हतीच."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही या कामातली अर्धी विद्या आहे, आणि ती मला बऱ्यापैकी जमते असं म्हणायला हरकत नाही.

"मॅडम, मी माझ्या बापाचंच वाक्य त्याला ऐकवलं."

साक्षीच्या सभांत वर्षानुवर्षं बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, आणि त्या दिवशी ती मी त्यांना सांगितली. "मी शहाणा होतो म्हणून प्रभूला निवडलं" असं उठून कुणी म्हणत नाही. प्रत्येक जण म्हणतो, त्यानं मला शोधून आणलं. पण त्याच माणसाला विचारा, त्या रात्री निर्णय कुणी घेतला? तो म्हणेल, मीच की! दोन्ही खरं आहे. पाऊल टाकताना माणूस स्वतःच टाकतो. निवड त्याला दिसते ती मागे वळून पाहताना. चालत असलेल्या माणसाच्या तोंडावर ती कुणालाच वाचता येत नाही, त्याच्या आईलाही नाही.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. शालिनीताईंच्या डाव्या रकान्यातला तो ९ वा अध्याय पौलानं सुरू केला आहे तोच मुळी रडत. माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित व्हायलाही तयार आहे, असं तो म्हणतो. मातीचं काय करायचं ते कुंभारच ठरवतो, हे कठोर बोलणं त्यानंतर येतं, आणि १० वा अध्याय उघडताच तो पुन्हा त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करत असतो. ज्यानं निवडीवर इतकं लिहिलं त्यानं ती प्रार्थना थांबवायचं कारण मानली नाही. ९ वा अध्याय सांगून १० व्याआधी थांबणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. ती देणाऱ्यांनी एकदा मागच्या बाकावर बसलेल्या आयांकडे पाहावं.

मग मी त्यांना जुन्या गोव्यात धाडलं. इतकी वर्षं गोव्यात राहून पाहुण्यांना बॉम जेझुसचं चर्च दाखवण्यापलीकडे त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. आपण प्रोटेस्टंट, आपलं तिथं काय, असं. टेकडीवर संत ऑगस्टिनचा तो ४६ मीटरांचा पडका मनोरा उभा आहे. १८४२ मध्ये छत कोसळलं ते चर्च कृपामातेला वाहिलेलं होतं. आणि जवळच त्याच्या आईचं, सांता मोनिकाचं कॉन्व्हेंट. मायलेक समोरासमोर आहेत. कृपा आणि निवड यांवर ज्याच्याइतकं क्वचितच कुणी लिहिलं तो ऑगस्टिन तरुणपणी नऊएक वर्षं चर्चला मान्य नसलेल्या मानी पंथात होता. लग्नाविना एका बाईबरोबर राहिला, मूल झालं. मोनिका एका बिशपांच्या मागे लागली, माझ्या मुलाला समजवा. त्यांनी नकार दिला. त्याच्याशी वाद घालू नका, प्रार्थना करा, म्हणाले. एवढ्या आसवांचा मुलगा नाश पावायचा नाही. ३८३ मध्ये तो रोमला निघाला. त्यानं जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावर रात्रभर प्रार्थना करत होती आणि तो तिला थाप मारून जहाजावर चढला. त्या रात्रीचं तिचं मागणं नाकारलं गेलं. आणि त्याच प्रवासात पुढे मिलानला तिथले बिशप अँब्रोज भेटले, ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. ती रात्र देवानं ठरवली की पोराच्या थापेनं? ऑगस्टिननं स्वतःच लिहिलंय की आई नेहमी जे मागायची ते देण्यासाठीच देवानं तिचं त्या रात्रीचं मागणं मानलं नाही. थाप मात्र आपलीच होती, हेही तो नाकारत नाही.

शालिनीताई जाऊन आल्या. त्या आठवड्यात त्यांनी मुलाला फोन केला नाही, निरोप पाठवला : सुरमई आणलीय, सुट्टी कधी? तो बुधवारी आला. उपासनेचं कुणी काढलं नाही, अर्थात नवऱ्याला ते पटलं नाही. "मग आपण विश्वासू कसले?" असं विचारत तेही एकदा माझ्याकडे आले. मुलगा अजून मंडळीत जात नाही. आईनं प्रार्थना सोडलेली नाही. वही आहे, पण रकाने पुढे वाढले नाहीत.

एक खुलासा मात्र हवा. इथं भीती दुसऱ्यासाठी होती. काही जण "देवानं मलाच टाकलं आहे" हे घेऊन येतात. रात्र रात्र जागतात, तेच वचन शंभरदा वाचतात, पाळकसाहेबांकडून धीर घेतात आणि तासाभरात तोच प्रश्न घेऊन परत जातात. अशांना वचनं दाखवत बसलं की चक्र आणखी वेगानं फिरतं. इंग्रजी कवी विल्यम कूपर यांना १७७३ मध्ये देवानं आपल्याला नाकारलं असं वाटू लागलं. पाळक जॉन न्यूटन यांच्यासारखा मित्र जवळ असूनही १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांच्या विश्वासात खोट नव्हती, ते आजारी होते. असं लक्षण दिसलं की मी माझ्याकडे थांबवून घेत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था त्यासाठीच आहे. पाळकांनीही पाठवावं, आणि औषध घेताना प्रार्थना बंद करायची नसते हे त्या घरी बसून सांगावं.