एमपीएससीचा अभ्यास करताना इन्स्टाग्राम डिलीट केलं तर मन खरंच शांत होतं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहून राज्यसेवेचा तिसरा अटेम्प्ट देताय, रात्री रील्स बघितल्या की उदास वाटतं, रूममेट म्हणतो हे सगळे मनाचे खेळ आहेत, तर इन्स्टा कायमचं काढून टाकावं का. काढलंत तर फरक पडेल, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. आणि रूममेटचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. परीक्षेच्या अभ्यासासाठी काही वर्षं पुण्यातल्या पेठेत काढली, आता महसूल खात्यात नोकरीला आहे आणि धाकटा भाऊ सध्या त्याच अभ्यासिकांमध्ये बसतो. त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना निघतो.

आधी रूममेटचं बघू. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात पोचलं, कुठे आधी, कुठे नंतर. या मागेपुढे होण्याचा उपयोग करून ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी कॉलेजांमधल्या आरोग्य सर्वेक्षणांचे आकडे तपासले. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. फेसबुक आलं तिथे विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य घसरलं होतं, नैराश्याच्या तक्रारी तर विशेष वाढल्या होत्या. नोकरी गेल्यावर मनावर जो परिणाम होतो, त्याच्या साधारण २२ टक्के इतकी ही घसरण. गंमत म्हणजे तेव्हा रील्स नव्हत्या, लाइकचं बटणही २००९ मध्ये आलं आणि हातात स्मार्टफोन जवळजवळ कुणाच्याच नव्हता. मग त्रास कशाचा? त्यांच्या मते मुख्यतः तुलनेचा. कॅम्पसबाहेर राहणाऱ्या मुलांना तो जास्त झालेला दिसला. म्हणजे मजा चाललीय हे कळतंय, पण आपण तिथे नाही, अशांना.

तुमचं दुखणं हेच आहे. अंबानींच्या घरचं लग्न बघून कुणाची झोप उडत नाही. आपल्याच तालुक्यातला, आपल्याच मेसमध्ये जेवलेला पोरगा पीएसआय झाला की उडते. त्याची रीलही ठरलेली असते: वेशीपासून मिरवणूक, जेसीबीवरून उधळलेला गुलाल, औक्षण करता करता डोळे पुसणारी आई आणि खाली ‘जे हसले तेच आज सलाम करतात’. मधली वर्षं, मेसचं थकलेलं बिल, त्याच यादीत नाव न आलेली अख्खी अभ्यासिका, यातलं काही तिच्यात मावत नाही. शेकड्यात जागा आणि लाखांत अर्ज हे आपण अर्थशास्त्राच्या पेपरात बेरोजगारी म्हणून लिहितो, पण रील बघताना विसरतो.

माझ्या मते रीलपेक्षाही वाईट आहे तो टेलिग्रामवरचा पोल. पूर्व परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका फिरायला लागतात आणि ‘किती स्कोअर येतोय?’ असा पोल पडतो. मत कोण देतं? ज्याचे बरे येतायत तो. ज्याचं गणित बसत नाही तो पांघरूण ओढून झोपलेला असतो. शिवाय उगाच सगळ्यात वरच्या आकड्यावर बोट दाबणारे टवाळ असतातच. त्या पोलच्या जिवावर रात्री कुणीतरी यूट्यूबवर लाइव्ह येऊन ‘सेफ स्कोअर’ सांगतो. भावाने असाच एक आकडा ऐकून पुस्तकं बांधून ठेवली आणि गावी निघून आला. घरी कुणाशी धड बोलत नव्हता. खरा कटऑफ लागला तो बराच खाली. याचं नाव यादीत, आणि मुख्यची तयारी शून्य.

आता डिलीट करण्याबद्दल. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांआधी संशोधकांनी पैसे देऊन काही लोकांचं फेसबुक चार आठवडे बंद ठेवलं. दिवसाचा सरासरी तासभर मोकळा झाला, मनःस्थिती किंचित सुधारली, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. आपल्याला असं बेखबर राहणं परवडत नाही, चालू घडामोडींसाठी नव्हे तर आयोगाच्या सूचनांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेशी तारीख आदळली म्हणून पोरं पुण्यात शास्त्री रस्त्यावर बसली आणि २५ तारखेची पूर्व ऐन तोंडावर पुढे गेली. असं काही होतं तेव्हा फोन बंद ठेवणाऱ्यालाच धाकधूक जास्त.

एकट्याने बंद करणं जड जातं याचंही कारण आहे. शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती घ्याल? एकट्याचं बंद होणार असेल तर सरासरी ५९ डॉलर हवे होते. सगळ्यांचंच बंद होणार असेल तर उलट २८ डॉलर पदरचे द्यायला तयार! सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये नेमकी ही नस पकडली: संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद. तेव्हा इन्स्टा काढायचंच असेल तर रूममेटला धरून काढा, निदान रात्रीच्या जेवणानंतर दोघांचेही फोन एकाच कपाटात जाऊ द्या. टेलिग्रामवर जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितो ते एखाद-दुसरं चॅनेल ठेवा, चर्चेचे ग्रुप सोडा. जाहिरात आणि हॉलतिकीट आयोगाच्या वेबसाइटवर बघा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो. फोन बाजूला ठेवूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात काही राम वाटत नसेल, तर ते रीलवर ढकलू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. यूपीएससी-एमपीएससीवाल्यांनी फोन केला म्हणून तिथे कुणी हसत नाही.

आणि निकालाच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवरची स्टेटस म्यूट करा, समोरच्याला कळत नाही. ज्याच्याशी खरी दोस्ती आहे त्याला मात्र फोन करून अभिनंदन करा. पहिली पाच मिनिटं गुलालाची असतात, मग तो स्वतःच सांगायला लागतो की किती वेळा पूर्वलाच उडाला होता आणि मधल्या काळात घरी काय काय थापा मारल्या होत्या.