तिसऱ्या वर्षाची पेटी

अनेक आशीर्वाद.

एका गरीब देशातल्या, दंतवैद्यकाला नुकताच प्रवेश मिळालेल्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला, कारण नुसतं ‘छान, कर’ लिहून भागणार नव्हतं. मी हे दोनदा केलं आहे आणि पहिल्या वेळी माझी मोठी चूक झाली. ती आधी सांगते.

त्या मुलीची फी मी दर सत्राला वेळेवर भरत होते. पावती यायची, मागोमाग तिचं पत्र यायचं. तिसऱ्या वर्षी पत्रं थांबली. अभ्यास वाढला असेल, असं मी धरून चालले. वर्ष संपल्यावर कळलं की ती प्रात्यक्षिकात नापास झाली होती. खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी विद्यार्थ्यांना फॅन्टम हेडवर, म्हणजे नकली दात बसवलेल्या डोक्याच्या साच्यावर, महिनोन् महिने दात कोरायचा सराव करावा लागतो. त्याला लागणारा हँडपीस, म्हणजे दात कोरायचं हातात धरायचं यंत्र, तिच्याकडे नव्हता. वर्गातल्या मैत्रिणीचं काम आटोपलं की ती तिचा हँडपीस मागून घ्यायची आणि लॅब बंद होण्याआधीच्या अर्ध्या तासात उरकायची. त्यात बसवायचे बर, म्हणजे दात कापणारी बारीक टोकं, तेही उसनेच, झिजलेले. झिजलेला बर दात कापत नाही, नुसता घासतो. कडा खडबडीत राहतात, दात तापतो, तपासणारे गुण कापतात. तिच्या हातात कसब नव्हतं असं नाही, हातात हत्यार नव्हतं. फी भरणाऱ्या बाईंकडे आणखी काय मागायचं, म्हणून ती गप्प राहिली. आणि मी कधी विचारलंच नाही.

म्हणून फीच्या आकड्याआधी साहित्याची यादी मागव. कोणत्या वर्षी काय लागतं, त्यातलं कॉलेज काय देतं आणि विद्यार्थ्याला काय घ्यावं लागतं, हे स्पष्ट लिहून घे. मेण कोरायची हत्यारं, जबड्यांचे साचे जुळवायचा आर्टिक्युलेटर, दातांचा ठसा घ्यायचे इम्प्रेशन ट्रे, आरसा-प्रोब-चिमट्याचे संच, विजेवर चालणारा मायक्रोमोटर, हवेच्या दाबावर फिरणारा एअररोटर हँडपीस, बर, पुढे दात काढायचे फोर्सेप्स. दंतवैद्यकाचं शिक्षण महाग पडतं ते साहित्याच्या या पेटीमुळे. वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी पुस्तकं आणि स्टेथोस्कोपवर बरीच मजल मारतो, इथे तसं चालत नाही.

आणि हे साहित्य इथून पाठवायच्या फंदात पडू नकोस. हँडपीसच्या मागची जोडणी दोन छिद्रांची असते किंवा चार छिद्रांची. कॉलेजच्या खुर्चीच्या नळीला ती जुळली नाही तर तो हँडपीस शोभेचाच. मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारी ती चीज आहे. तेल, बेअरिंग, दुरुस्ती जिथे मिळते तिथूनच ती घ्यावी. कोणाच्या दवाखान्यातली जुनी हत्यारं गोळा करून पाठवणं तर मला मुळीच पटत नाही. विद्यार्थ्याला नवा, धारदार बर मिळायला हवा.

चौथ्या-पाचव्या वर्षी वेगळाच खर्च उभा राहतो, जो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो. अंतिम परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या केसेस पुऱ्या कराव्या लागतात: इतक्या फिलिंग, इतक्या रूट कॅनाल, इतक्या कवळ्या. कवळीच्या रुग्णाला चार-पाच वेळा यावं लागतं. त्याच्याकडे बसचे पैसे नसतात, कधी उपचाराचं शुल्कही नसतं. तो तिसऱ्या खेपेला आला नाही की केस अपुरी. मग विद्यार्थी स्वतःच्या खिशातून त्याचं भाडं देतो आणि स्वतः दुपारचं जेवण टाळतो. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी या दोन वर्षांसाठी ‘रुग्णांचा खर्च’ म्हणून वेगळी रक्कम ठेवली होती. त्याने तिचा पै-पैचा हिशेब पाठवला. मी तो मागितलाही नव्हता.

आता मुदतीचं. पदवी पाच वर्षांची, काही ठिकाणी सहा, पुढे इंटर्नशिप आणि नोंदणी. संप, बंद पडलेलं विद्यापीठ, एखादं नापास वर्ष धरून सातव्या वर्षापर्यंतची तयारी ठेव. तेवढी नसेल तर त्याला पहिल्याच दिवशी सांग की मी फक्त अमुक एवढ्या वर्षांचं बघेन, म्हणजे उरलेल्याची सोय तो आधीच शोधायला लागेल. तिसऱ्या वर्षी हात काढून घेणं हे मुळात हात न देण्यापेक्षा वाईट, कारण तोवर त्याने दुसरे सगळे रस्ते सोडलेले असतात. तुला काही झालं तर हप्ता कोण भरेल, हेही घरात एका माणसाला सांगून ठेव.

चलनाचा हिशेबही धर. नोव्हेंबर २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या रिझर्व्ह बँकेने तिथल्या चलनाचं, क्वाचाचं, अवमूल्यन केलं आणि एक डॉलर सुमारे ११८० क्वाचांवरून १७०० वर गेला. बाहेरून पैसे पाठवणाऱ्याला क्वाचात ठरलेली फी एकदम स्वस्त झाली. पण हँडपीस, बर, फिलिंगचं सामान असं बाहेरून येणारं सगळं तिथे घेणाऱ्याला महाग झालं. म्हणून महिन्याचा ठरावीक आकडा बांधून स्वस्थ बसू नकोस, दर सत्राला त्याला विचारून पुन्हा मांडणी कर.

पैसे देण्याची पद्धत साधी ठेव. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात, रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून आलेल्या पत्रावर. त्या कार्यालयाचा पत्ता आणि फोन तू स्वतः शोध, मुलाने दिलेला वापरू नकोस. तो अभ्यासक्रम त्या देशाच्या दंत परिषदेला मान्य आहे ना, हे परिषदेकडून विचारून घे. या चौकशीचा खऱ्या विद्यार्थ्याला राग येत नाही, त्याला तसं आधीच सांगून मग कर. राहण्या-खाण्याचे पैसे मात्र त्याच्या हातात दे आणि भाजी-भाकरीचा हिशेब मागू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. ‘शिकून त्याने त्याच्याच गावी काम करावं, अशी अट घालू का?’ ही कळकळ मी समजू शकते. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागात साधारण तीस हजार माणसांमागे एक दंतवैद्य आहे. मलावीत दंतवैद्यकाची पदवी देशातच घ्यायची सोय व्हायला २०१९ साल उजाडलं. अशा ठिकाणचा एकेक पदवीधर परदेशी गेला की पोकळी पडते, म्हणून तर २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी याच संघटनेची आचारसंहिता आली. पण तीसुद्धा सावध करते ती भरती करणाऱ्या देशांना. माणसाचा जाण्याचा हक्क ती नाकारत नाही. मग तू आणि मी तो कोण नाकारणार? अट घालू नकोस.

त्याऐवजी राहणं त्याला परवडेल असं काही कर. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी थोडी रक्कम बाजूला ठेव. खेड्यात खुर्ची, कॉम्प्रेसर, वीज यांच्याविना काही होत नाही असं समजलं जातं, ते पूर्ण खरं नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात डच दंतवैद्य यो फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली: ड्रिल न वापरता हाताच्या हत्याराने किडलेला मऊ भाग खरवडून काढायचा आणि पोकळी ग्लास आयोनोमर सिमेंटने भरायची. विजेची गरज नाही. ग्लास आयोनोमर आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. एका पिशवीत मावेल एवढ्या सामानावर तो शाळाशाळांत काम सुरू करू शकतो. पहिल्या मुलीने वर्ष गमावूनही पदवी घेतली आणि सुरुवात अशीच केली. तिचं पहिलं निर्जंतुकीकरणाचं भांडं म्हणजे चुलीवर ठेवायचा प्रेशरचा ऑटोक्लेव्ह होता.

त्याच्याशी बोलताना मार्कांनी सुरुवात करू नकोस. ‘या सत्रात काय कमी पडतंय?’ असं थेट विचार, आणि ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचार. फोटो, दर आठवड्याची पत्रं, आभाराची भाषणं मागू नकोस. नापास झाला तर पहिलं पत्र तुझं जाऊ दे, आणि त्यात पैसे चालू राहतील हे पहिल्या ओळीत लिही.

यादी आली की मला पाठव. कुठली वस्तू कधी लागेल आणि कुठल्या वस्तूत काटकसर करायची नाही, यावर मी खुणा करून देते. हँडपीस मी घेईन म्हणते. तेवढं मला करू दे.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या बाई