गाडीच्या हीटरमधून नुसतं गार वारं येतं. मिस्त्री म्हणतो, डॅशबोर्ड खोलून हीटर कॉइल (इंजिनचं गरम पाणी जिच्यातून फिरून केबिनची हवा तापते ती) बदलावी लागेल. खरंच लागेल का?

डॅशबोर्डला आज तरी हात लावू देऊ नका. आधी त्या मिस्त्रीला एकच गोष्ट विचारा: गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडं गार व्हायला जाऊ न देणारा वॉल्व्ह, आहे का? तो नसला की पाणी तापत नाही आणि हीटरला गरम हवा मिळत नाही. चांगला आहे की खराब, हे नंतरचं. मुळात जागेवर आहे का? आपल्या मराठवाड्यात "आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, काढून टाका" म्हणत तो सर्रास काढतात आणि मालकाला सांगतही नाहीत.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मे महिन्यात गंगाखेड रोडला गाडी तापली. आमचे दाजी सोबत होते. त्यांनी वीस वर्षं टेम्पो चालवलेला, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी ओळखीच्या गॅरेजवर गाडी नेली आणि दोन तासांत परत आणली. "आता कधीच तापणार नाही," म्हणाले. काय केलं ते मी विचारलं नाही. उन्हाळा निभावला, पावसाळाही गेला.

डिसेंबरात आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचं होतं. सकाळी नऊची वेळ मिळालेली, म्हणून परभणीहून पहाटे चारला निघालो. परभणीची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. मे महिन्यात चव्वेचाळीस सोसणारं गाव आहे हे, पण डिसेंबरात पहाटे शेकोटीशिवाय कोणी बाहेर उभं राहत नाही. त्यात आई सत्तरीची आणि दम्याची.

गावातून निघताना हवा कोमट तरी होती. जिंतूर मागं पडलं, गाडीनं वेग धरला आणि तीही गेली. चाळीसेक किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा तळाशी बसून होता. समोरची काच आतून धुकटायला लागली. आई शेजारच्या सीटवरून पदरानं काच पुसत होती. एक हात काचेवर, दुसऱ्यानं नाकाशी शाल धरलेली. पुसलेल्या जागी दोन मिनिटांत पुन्हा धुकं. पुढं उसाचे ट्रॅक्टर, बहुतेकांच्या ट्रॉलीला मागं दिवा नाही. हीटर म्हणजे चैन असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या पहाटे माझ्या जागी बसायला हवं होतं.

मंठ्याला एक चहाचं हॉटेल नुकतंच उघडत होतं. तिथं इंजिन चालू ठेवून थांबलो. दहा मिनिटांत काटा वर सरकला आणि हवा गरम झाली! निघालो की पुन्हा गार होणार, हे मला तिथंच कळलं. शेजारी उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं ऐकून घेतलं, हॉटेलमागचा बिस्किटांचा पुठ्ठा उचलला, दुमडला आणि जाळीतून रेडिएटरच्या पुढं अर्ध्यापर्यंत सरकवला. "काट्यावर नजर ठेवा अन् ऊन पडलं की काढा," म्हणाला. वाटूर फाट्याला पोचेपर्यंत आईनं शाल खांद्यावर घेतली होती.

परत आल्यावर दुसऱ्या मिस्त्रीकडून इंजिनवरचं थर्मोस्टॅटचं झाकण खोलून घेतलं. आत काहीच नव्हतं, नुसती रिकामी जागा.

नवा थर्मोस्टॅट साडेसहाशे रुपयांना मिळाला. त्यावर 82 आकडा कोरलेला होता, म्हणजे तेवढ्या अंशांना उघडायला लागणारा. बसवण्याआधी तो घरी आणला, दाजींना बोलावलं आणि पातेल्यात पाणी घालून दोऱ्यानं त्यात सोडला. खाली गॅस. पाणी कोमट झालं, वाफ धरली, तरी तो गच्च बंद. उकळी फुटायच्या जरा आधी मधली चकती हळूहळू उचलली गेली आणि बोटभर वाट मोकळी झाली. बाहेर काढला तशी पुन्हा मिटली. दाजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पण तो नसला की पाणी मोकळं फिरतं, इंजिन गार राहतं."

नाही दाजी. मे महिन्यात गाडी तापते तेव्हा चांगला थर्मोस्टॅट केव्हाच पूर्ण उघडलेला असतो. तो काढून वेगळं काही मिळत नाही. उलट काही इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं, म्हणजे चढावर गाडी जास्तच तापू शकते. थंडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. माझी गाडी लिटरला वीस देणारी सतरावर आली होती. मे महिन्यातला खरा गुन्हेगार रेडिएटरच होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून आत पांढरा थर बसलेला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल काय होते ते बघा, मग रेडिएटरचा विचार करा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दुसरं काही नाही.

आता तुमच्या गाडीचं. चालताना हवा गार आणि उभी असताना गरम, काटा खाली पडलेला, असं असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. ज्या गाड्यांत काटा नसतो तिथं इंजिन गार असल्याचा निळा दिवा विझत नाही किंवा रस्त्यावर पुन्हा लागतो. उलट चालताना गरम आणि उभी असताना गार, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. काटा जागेवर आहे आणि तरी हवा गार, तर बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यातून केबिनमध्ये जाणारे दोन बारीक रबरी पाइप चाचपून बघा. दोन्ही गरम म्हणजे पाणी येतंय, हवा वळवणारी आतली झडप किंवा तिची केबल फिरत नाही. एक गरम आणि एक गार, तरच कॉइल तुंबल्याचा संशय घ्या किंवा हीटरचा वॉल्व्ह बंद असेल. तेव्हाही दोन्ही पाइप सोडून साध्या पाण्यानं, जोर न लावता, कॉइल उलट्या बाजूनं धुवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं आणि डॅशबोर्ड तसाच राहतो.

एक राहिलं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि पायाखालचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं असं असेल तर कॉइल फुटलीय. मग तुमचा मिस्त्री बरोबर आहे, डॅशबोर्ड खोलावाच लागेल.

पण ते नसेल तर आधी थर्मोस्टॅटचं झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. दाजी अजून म्हणतात, मराठवाड्यात त्याचं काम नाही. मागच्या दिवाळीत मात्र त्यांनी स्वतःच्या टेम्पोला नवा बसवून घेतला.